२५ सिटिंग की १५?

सिल्लोडची मावसबहीण विचारत होती: स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, रेडिएशन पाच आठवडे (२५ सिटिंग, म्हणजे २५ वेळा) घ्यायचं की तीन (१५)? कमी दिवस म्हणजे कमी औषध, अशी तिला धास्ती.

आधी डोस. जुन्या पद्धतीत २५ सिटिंगमध्ये ५० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), म्हणजे दर वेळी २. नव्यात १५ सिटिंगमध्ये ४०, दर वेळी साधारण २.६७. बेरीज कमी दिसते, पण प्रत्येक मात्रा मोठी असल्याने पेशींवरचा मार जवळपास तेवढाच.

गुण? ब्रिटनमधल्या चाचणीत दहा वर्षांनंतरही लहान कोर्समध्ये आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. स्तन आक्रसणं, सूज हे त्रास उलट कमीच. २०२० साली तिथेच पाच सिटिंगचा (२६ ग्रे) निकालही चांगला आला.

खर्चात मशीनपेक्षा मुक्काम खातो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, रेल्वेत सवलत मिळते, पण खोलीचं भाडं आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी कोण देणार? दहा सिटिंग वाचली म्हणजे घरी दोन आठवडे आधी. गाव दूर असेल तर मला हाच मुद्दा सगळ्यात जड वाटतो.

दोन्हीत थकवा, कातडी काळवंडणं आहेच.

ऑपरेशननंतरच्या बहुतेक बायकांना १५ पुरतात; बाहेरगावच्यांनी तर तेच आधी विचारावं. स्तनाची पुनर्रचना केली असेल तर काही डॉक्टर अजून २५ च धरतात. तिथे घाई नको, कारण विचारून घ्यावं. पाचाचा पर्याय आपल्या केंद्रात देतात का, तेही त्याच भेटीत विचारायला सांगितलंय तिला.