तल्लख मुलाला कुठं घालायचं: गावची मराठी शाळा, बेळगावचं इंग्रजी माध्यम की नवोदय?

"बाई, पोरीला बेळगावला घालू काय? लई डोकं हाय म्हणत्यात सगळी."

उन्हाळ्याच्या सुट्टीत हा प्रश्न दरवर्षी येतो. निपाणी भागातल्या एका खेड्यात मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. प्रश्न विचारणारी आई बहुतेक वेळा विड्या वळणारी असते, वडील शेतात नाहीतर कोल्हापूरकडं कामाला. त्यांना उत्तर एका वाक्यात हवं असतं. मला ते एका वाक्यात देता येत नाही, म्हणून जे दरवेळी पायरीवर बसून सांगते ते इथं सविस्तर लिहिते.

शाळा निवडण्याआधी मूल नीट बघायला हवं. वर्गात पहिलं येणारं मूल आणि विलक्षण बुद्धीचं मूल ही पुष्कळदा दोन वेगळी मुलं असतात. पहिलं येणारं मूल सांगितलेला अभ्यास नीट करतं, अक्षर सुंदर असतं, वही पूर्ण असते. दुसरं मूल गणिताच्या मधल्या पायऱ्या गाळतं, एकच गोष्ट दहादा लिहायला सांगितली की तिसऱ्या वेळी सोडून देतं, आणि भलत्याच वेळी प्रश्न विचारतं. त्याला आपण चंचल म्हणतो, आगाऊ म्हणतो.

माझ्याच वर्गात तिसरीत एक मुलगी होती. घटक चाचणीत तिला २५ पैकी ११ मार्क पडले, कारण एकाच पद्धतीची शेवटची सहा गणितं तिनं सोडवलीच नव्हती. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती मला म्हणाली, "बाई, आई रोज हजार विड्या वळत्या. त्यातल्या तीस छाट म्हणून काढून टाकत्यात. म्हंजे चौतिसाव्या दिवशी आईचा एक दिवस फुकट गेला की." मी विचारलं, कसं? ती म्हणाली, "तेहतीस दिसात नऊशे नव्वद झाल्या. चौतिसाव्याला हजार भरल्या." भागाकार अजून शिकवला नव्हता. त्या ११ मार्कांवरून मी तिच्या प्रगतिपुस्तकात "अभ्यासात लक्ष द्यावे" असं लिहून ठेवलं होतं. ती ओळ मला अजून खुपते.

आपल्या सीमाभागात बुद्धीची एक खूण हमखास दिसते, आणि तिच्याकडं फारसं कुणी बघत नाही. चौथी-पाचवीचं पोर आज्जीबरोबर बाजारात जातं आणि आज्जीचं मराठी कन्नड व्यापाऱ्याला, व्यापाऱ्याचं कन्नड आज्जीला सांगतं, मधेच हिंदीत भाव पाडतं. शब्दाला शब्द न लावता मतलब पोचवणं हे मोठं काम आहे. आणि बुद्धी फक्त गणितात नसते. बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गायचा. तोच पुढं कुमार गंधर्व झाला. दहा-अकरा वर्षांच्या त्या मुलाला मुंबईत बी. आर. देवधरांनी पुढं शिकवलं. घरच्यांनी कान देऊन ऐकलं आणि पुढचं देणारा गुरू मिळाला, या दोन्ही गोष्टी जुळल्या.

"मग बुद्ध्यांक काढून घेऊ काय?" असंही काही पालक विचारतात. काढायला हरकत नाही. बिने चाचणीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठीचं रूप व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात आपल्याच भागात, धारवाडकडं तयार केलं आणि बिने-कामत या नावानं ते देशभर पोचलं. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, तिथं मानसशास्त्रज्ञांकडं चौकशी करता येते. फक्त चाचणी मुलाच्या भाषेत किंवा चित्रं-आकृत्यांवर होऊ दे. मराठी पोराची चाचणी इंग्रजीत घेतली तर त्याचं इंग्रजीच मोजलं जातं. आणि आकडा कमी आला तर खचू नका. अमेरिकेत टर्मन या मानसशास्त्रज्ञांनी १९२१ पासून बुद्ध्यांकावरून दीड हजार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा अभ्यास केला. त्या निवडीत शॉकली आणि अल्वारेझ ही दोन मुलं बसली नाहीत. पुढं त्या दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता शाळांकडं येऊ.

गावची मराठी शाळा

पटसंख्या कमी, एका खोलीत दोन-तीन इयत्ता, शिक्षकांवर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामं. या अडचणी खऱ्या आहेत, मी त्यातच नोकरी केली. पण तल्लख मुलाला याच खोलीत एक सोय मिळते जी मोठ्या शाळेत मिळत नाही. तिसरीतलं मूल पाचवीचा पाठ ऐकत बसतं. मी त्या मुलीला गणिताच्या तासाला पाचवीच्या ओळीत बसवायला लागले. हजेरी तिसरीत, गणित पाचवीत. यासाठी कुणाची परवानगी लागली नाही. अख्खा वर्ग ओलांडून पुढं घालणं मात्र आपल्याकडं अवघड आहे, कारण शिक्षण हक्क कायदा वयानुसार वर्ग धरतो. माझ्या मते ते फारसं लागतही नाही. आठ वर्षांच्या पोराला गणित पाचवीचं चालतं, पण खेळायला मैत्रिणी आठ वर्षांच्याच लागतात.

दुसरा फायदा भाषेचा. मूल ज्या भाषेत विचार करतं त्याच भाषेत प्रश्न विचारतं. चौतिसाव्या दिवसाचं गणित त्या मुलीनं घरच्या मराठीत केलं. तेव्हा ती इंग्रजी शाळेत असती तर ते तिच्या मनातच राहिलं असतं.

उणीव कुठं आहे तेही सांगते. सगळं एका शिक्षकावर अवलंबून असतं, त्याची बदली झाली की पुढचा तसाच मिळेल याची खात्री नाही. ग्रंथालय म्हणजे बहुतेक ठिकाणी कपाट. आणि दहावीनंतर सायन्स घेतलं की पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी समोर येतं. आमची कितीतरी हुशार पोरं त्या पहिल्या सहा महिन्यांत गळपटतात. त्यावर तयारी आठवीपासूनच करावी लागते. एका वहीत दोन रकाने करायचे, डावीकडं "प्रकाशसंश्लेषण", उजवीकडं "फोटोसिंथेसिस", रोज पाच शब्द. तीन वर्षांत ती वही भरते आणि पीयूसीच्या वर्गात पहिल्या दिवशी फळा ओळखीचा वाटतो.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट पालकांना माहीत नसते. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेची हवी. खाजगी इंग्रजी शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देता येत नाही, नवोदयच्याही नाही.

बेळगावची इंग्रजी माध्यमाची शाळा

इथं प्रयोगशाळा असते, ऑलिंपियाडसारख्या परीक्षांचे फॉर्म शाळाच भरून घेते, आणि तोडीस तोड मुलं भेटतात. ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. गावात सगळ्यांत पुढं असलेल्या मुलाला आपल्यापेक्षा पुढचं कुणी भेटणं गरजेचं असतं.

पण वेळ बघा. पहिलीपासून घातलेलं आणि घरात कुणीतरी इंग्रजी जाणणारं असलेलं मूल तिथं रुळतं. चौथी-पाचवीत मराठीतून उचलून नेलेलं मूल पहिली दोन वर्षं भाषेशी झगडण्यात घालवतं, आणि नेमका त्याच काळात त्याचा प्रश्न विचारायचा जोर असतो. इथं दहा प्रश्न विचारणारं पोर तिथं तोंड मिटून बसलेलं मी पाहिलं आहे. आईला गृहपाठ बघता येत नाही, मग शिकवणी लागते, मग शिकवणीची फी.

प्रवेश घ्यायला गेलात तर इमारत आणि बस बघून झाल्यावर एवढं विचारा: "माझ्या मुलानं दहा मिनिटांत काम संपवलं तर उरलेल्या वेळात त्याला काय देता?" "शांत बसवतो" किंवा "अजून तसलीच गणितं देतो" असं उत्तर आलं तर तुमच्या मुलाला तिथं नवीन काही मिळणार नाही. हाच प्रश्न मलाही विचारा. गावच्या शाळेलाही तो लागू आहे.

नवोदय

१९८६च्या शैक्षणिक धोरणात खेड्यातल्या हुशार मुलांसाठी म्हणून जी सरकारी निवासी शाळा मांडली, ती ही. आपल्या जिल्ह्यात ती चिकोडी-निपाणी पट्ट्यात कोथळीला आहे. सहावी ते बारावी, राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून महिन्याला ६०० रुपये शुल्क आहे, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना ते माफ.

प्रवेश परीक्षा पाचवीत असताना, आयुष्यात एकदाच. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ५० गुण आकृत्यांच्या प्रश्नांना, २५ अंकगणिताला, २५ भाषेला. निम्मे गुण आकृत्यांवर असल्यानं घरी पुस्तकं नसलेल्या मुलालाही संधी राहते. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि निदान एक तृतीयांश मुलींसाठी असतात.

इथं मोठी मेख आहे, आणि ती कळायला पुष्कळांना उशीर होतो. ग्रामीण जागेसाठी मुलानं तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेलं असावं लागतं. चौथीत उचलून शहरातल्या शाळेत घातलं की तो हक्क गेला. शिवाय पाचवी याच जिल्ह्यात व्हायला हवी. म्हणून चंदगड, गडहिंग्लजकडच्या नातेवाइकांकडं मूल शिकायला पाठवलं तर कोथळीचं दार बंद होतं. नवोदय मनात असेल तर पाचवी संपेपर्यंत मूल हलवू नका, हा माझा ठाम सल्ला आहे.

मग नवोदयच सगळ्यांत चांगलं का? सगळ्यांना नाही. दहा-अकरा वर्षांचं मूल घर सोडतं. तिथली प्रादेशिक भाषा कन्नड, पुढं गणित-विज्ञान इंग्रजीत. नववीत काही मुलं वर्षभरासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयला जातात. कन्नड कानावर पडलेल्या मुलाला हे जमतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या, कन्नड फारसं न ऐकलेल्या मुलाला पहिलं वर्ष जड जातं, आणि तिथून कोथळी लांबही आहे. हळव्या स्वभावाच्या मुलाला आधी सुट्टीत आठ-पंधरा दिवस मामाकडं एकटं ठेवून बघा.

आणि नवोदयच्या नावाखाली अख्खी चौथी-पाचवी क्लासमध्ये आकृत्या रंगवण्यात घालवू नका. मागच्या काही प्रश्नपत्रिका, रोज अर्धा तास, एवढं पुरे. ज्या मुलाचं कुतूहल बघून तुम्ही हे सगळं करायला निघालात, ते कुतूहलच क्लासात आटलेलं मी बघितलं आहे.

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीबद्दलही विचारणा होते. संस्था १९६२ची, प्रज्ञावान मुलांसाठीची प्रशाला १९६९ची, आणि या विषयात महाराष्ट्रात त्यांचं काम खोलवरचं आहे. पण आपल्या घरच्या बजेटात पुणं बसत असेल तरच. आणि महाराष्ट्रात शिकायला पाठवण्याआधी पुढचाही हिशोब करा. कर्नाटकच्या सीईटीसाठी साधारणपणे पहिली ते बारावीतली किमान ७ वर्षं राज्यात शिकलेली लागतात. उलट महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रातल्या व्यावसायिक शिक्षणात वेगळी तरतूद आहे. आपलं गाव त्या यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारून ठेवा.

माझं मत विचाराल तर बहुतेक घरांनी पाचवीपर्यंत मूल गावच्या मराठी शाळेतच ठेवावं, पण शिक्षकाला जाऊन भेटावं आणि वरच्या वर्गाचं काम मागून घ्यावं. पाचवीत नवोदयची परीक्षा द्यावी. जमलं आणि मूल खुशीनं तयार असेल तर पाठवावं. नाही जमलं तर सातवीपर्यंत इथंच, आठवीला चांगलं हायस्कूल आणि एनएमएमएस. इंग्रजी माध्यम पहिलीपासून घरच्या बळावर झेपत असेल तरच घ्यावं, मधूनच नको.

ती मुलगी नवोदयच्या यादीत आली नाही. आई दोन दिवस जेवली नाही, मुलगी मात्र तिसऱ्या दिवशी शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, आता सहावीचं गणित द्या." हायस्कूलच्या एका सरांशी मी बोलले, ते आठवड्यातून एकदा तिला तासभर देऊ लागले. पुढं एनएमएमएस पास झाली. पहिल्या वर्षीचे १२,००० खात्यावर जमा झाले त्या दिवशी ती पासबुक घेऊन माझ्याकडं आली. मागच्या कोऱ्या पानावर तिनं पेन्सिलीनं भागाकार केला होता: आईच्या किती हजार विड्या झाल्या त्या.