अपर सर्किटच्या शेअरमध्ये माझे ९ लाख ४० हजार गेले

मी नाशिक जिल्ह्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. २०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये माझ्या निवृत्तीच्या पैशांतले ९ लाख ४० हजार रुपये गेले. नाव देत नाही, पण घडलं ते सगळं लिहिते, कारण हेच आज दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर चालू असणार.

फेसबुकवर ‘शेअर बाजार मराठीतून, मोफत’ अशी जाहिरात दिसली. दाबली, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये गेले. रोज रात्री ८ वाजता ‘सर’ धडा घ्यायचे. मी दुरेघी वही घेतली. इंट्राडे म्हणजे घेतलेला शेअर त्याच दिवशी विकायचा, डिलिव्हरी म्हणजे तो आपल्या डिमॅट खात्यात, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात, येणार, स्टॉप लॉस म्हणजे तोटा कुठे थांबवायचा ते आधी ठरवून ठेवायचं. दर्शनी किंमत, बोनस, लाभांश, सगळं उदाहरणासकट. तेहतीस वर्षं मुलांना शिकवलंय, चांगलं शिकवणारा मला कळतो. तो माणूस खरंच चांगलं शिकवत होता. वहीतली बहुतेक पानं आजही बरोबर आहेत, आणि याच गोष्टीमुळे माझा विश्वास बसला.

तीन आठवड्यांनी त्यांनी एका लिंकवरून अ‍ॅप घ्यायला लावलं. सुरुवातीला १०,००० भरले. आठवड्यात ११,८०० दिसले, त्यातले ५,००० काढून दाखवा म्हणाले. काढले, आले. पासबुक भरून आणलं तर ती रक्कम कुणा अनोळखी माणसाच्या नावावरून जमा झालेली. ब्रोकरकडून पैसे आले तर ब्रोकरच्या कंपनीचं नाव दिसायला हवं. ती ओळ माझ्या हातात होती, मी वाचली आणि पासबुक कपाटात ठेवलं.

मग आला अपर सर्किट हा शब्द. सरांनी अर्थ बरोबर सांगितला: बहुतेक शेअरना एका दिवसात किती चढायचं याची मर्यादा असते, २, ५, १० किंवा २० टक्के. भाव त्या मर्यादेला टेकला की विकणारा कुणी उरत नाही, घेणाऱ्यांची रांग लागते. पुढे म्हणाले, “ताई, सामान्य माणसाला हा शेअर मिळत नाही, पण आपल्या इन्स्टिट्यूशनल खात्यातून मिळतो, तोही कमी भावात.” मी ५०,००० भरले, मग २ लाख ४० हजार. अ‍ॅपमध्ये रोज हिरवे आकडे.

इथे थांबून विचार करा. विकणाराच नाही, तर मला तो शेअर देतो कोण? मोठ्या संस्थांची आणि परदेशी गुंतवणूकदारांची खाती तुमच्या-माझ्यासारख्यांना वापरायला मिळतच नाहीत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने अशा ‘संस्थात्मक खात्यां’बद्दल २०२४ मध्येच सावध केलं होतं.

ऑगस्टमध्ये आयपीओ, म्हणजे कंपनी पहिल्यांदाच लोकांना शेअर विकते तो. “अर्ज करा, आत्ता पैसे नकोत.” केला. दोन दिवसांनी निरोप: अभिनंदन, ४,००० शेअर लागले, भाव २२०, एकूण ८ लाख ८० हजार. आधीचे २ लाख ४० हजार वजा जाता ६ लाख ४० हजार उद्या दुपारपर्यंत भरा, नाहीतर खातं गोठेल. मी एफडी मोडली.

बँकेत काउंटरवरच्या मुलीने आरटीजीएसचा फॉर्म पाहिला आणि विचारलं, “मॅडम, हे कुठलं एंटरप्रायझेस? पैसे कशासाठी?” काय उत्तर द्यायचं ते सरांनी आदल्या रात्री पढवलं होतं. मी म्हणाले, “घराच्या दुरुस्तीचं सामान.” तिने पुन्हा विचारलं, “ओळखीचे आहेत का?” मी हो म्हणाले. त्या मुलीशी खोटं बोलले, हे पैशांपेक्षा जास्त सलतं. तुम्हाला कुणी बँकेत खोटं बोलायला सांगितलं, तर त्याच क्षणी परत फिरा.

आयपीओ खरा असता तर काय झालं असतं हे आता माहीत आहे. अर्ज करतानाच रक्कम आपल्याच बँक खात्यात अडवून ठेवतात, शेअर लागले तरच कापतात. किरकोळ गुंतवणूकदाराच्या गटात २ लाखांपर्यंतच अर्ज करता येतो. अर्जापेक्षा जास्त शेअर लागणं आणि मग उरलेले पैसे मागणं, असं कधीच होत नाही.

शेवटी अ‍ॅपमध्ये ३१ लाख नफा दिसत होता. काढायला गेले तर म्हणाले, अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर, ६ लाख २० हजार, आधी भरा. दरही खरा, जुलै २०२४ पासून तोच आहे. पण हा कर आपण आयकर खात्याला भरतो, ब्रोकरच्या हातात देत नाही. तेवढे पैसे मागायला मी भाच्याकडे गेले म्हणून वाचले. त्याने विचारलं, “मावशी, डिमॅट नंबर दाखव.” अ‍ॅपमध्ये दहा आकडे होते. तो म्हणाला, खरा नंबर सोळा अक्षरांचा असतो: शेअर सांभाळणाऱ्या दोन संस्थांपैकी सीडीएसएलचा असेल तर सोळाही आकडे, एनएसडीएलचा असेल तर आधी ‘आयएन’ आणि पुढे चौदा आकडे. शिवाय शेअर घेतल्यावर लगेच पुढच्या कामाच्या दिवशी ते डिमॅटमध्ये यायला हवेत. माझ्या नावावर कुठेच काही नव्हतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा शेवटची रक्कम जाऊन चौदा दिवस झाले होते. पैसे तोवर खात्याखात्यांतून पुढे गेलेले. ३८,००० रुपयांवर होल्ड लागला. पहिल्या दोन-चार तासांत फोन केला असता तर जास्त अडवता आले असते, असं सायबर पोलिसांनी सांगितलं. म्हणून लाज वाटली तरी आधी १९३० लावा, घरच्यांना नंतर सांगा. १ ऑक्टोबर २०२५ पासून ‘सेबी चेक’ नावाची सोयही आली आहे. ज्या खात्यात पैसे भरायचे ते नोंदणीकृत ब्रोकरचं आहे का, ते तिथे दिसतं. एखाद्या ‘ट्रेडर्स’ किंवा ‘एंटरप्रायझेस’च्या नावाने मागितले, तर तपासायचीही गरज नाही.

ग्रुपमधल्या जळगावच्या एका बाईंशी माझं बोलणं व्हायचं. त्यांनी माझ्यासमोरच साडेचार लाख भरले होते. मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमचं खातं नियम मोडल्यामुळे बंद झालं असं सर सांगत होते. संध्याकाळी त्यांनी माझा नंबर ब्लॉक केला. त्यांच्या घरचं कुणी हे वाचत असेल, तर त्यांच्या अ‍ॅपमधल्या डिमॅट नंबराचे आकडे आज मोजून बघा.