लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर? घरी काम करणार असाल तर आधी हे बघा

स्विफ्ट दोन बोटं खाली बसवायची, तीही सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हातांनी, असं ठरवलेले बरेच जण आधी लोअरिंग स्प्रिंगकडे, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगकडे, वळतात. हा सेट कॉइलओव्हरपेक्षा (उंची बदलता येणारी स्प्रिंग आणि शॉकअप) पुष्कळ स्वस्त आणि मूळचे शॉकअप तसेच राहतात. पण घरी काम करणाऱ्याला खरा धोका याच पर्यायात आहे.

पुढच्या स्ट्रटवर, म्हणजे शॉकअपच्या खांबावर, स्प्रिंग दाबूनच बसवलेली असते. ती बदलायची तर स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) आणखी आवळून मग मधला नट सोडावा लागतो. हुकवाला हलका कॉम्प्रेसर एका बाजूने सटकला तर स्प्रिंग हाड मोडेल इतक्या जोराने उडते. स्प्रिंगच हव्या असतील तर एवढं काम पक्का बसवलेला कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजला द्या.

कॉइलओव्हरचं पुढचं युनिट स्प्रिंगसकट येतं. मात्र बऱ्याच किटमध्ये टॉप माउंट (स्ट्रट वरून बॉडीला जोडणारा भाग) जुनंच वापरायचं असतं, म्हणजे पुन्हा तीच दाबलेली स्प्रिंग सोडणं आलं. त्यापेक्षा नवीन माउंट आणि बेअरिंग घ्या. जुना स्ट्रट न उघडता अख्खा बाहेर, नवा अख्खा आत.

पुढची दोन्ही चाकं एकदम उचला, गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नको. अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) लिंक दोन्ही बाजूंच्या सोडा, नाहीतर बार चाक ओढून धरतो. नकलचे (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्ट काढण्याआधी जागेवर खूण करा, तिथे थोडी ढिलाई असते आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, सरकतो. नकल तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळेच असतात, त्यामुळे तिकडे दोन्ही पर्याय सारखेच सोपे.

आता रस्त्याचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच असावा, गल्लीतले बरेच त्याहून उंच असतात. २०१८ च्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. ४० ने खाली आणलीत तर १२३ उरले, तेही रिकाम्या गाडीत. स्प्रिंगमध्ये ही उंची कायमची. कॉइलओव्हरमध्ये गणपतीला सामान भरून कोकणात निघण्याआधी कॉलर, म्हणजे स्प्रिंगखालचं आट्यांवरचं कडं, वर फिरवता येते. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

पण कॉलर फिरली तर! पहिल्या पावसाळ्यानंतर माझी मागची डावी कॉलर आट्यांतल्या चिखलात अशी धरली की पाना सटकून बोटं सोलली. तेव्हापासून आधी ब्रश, मग गंजतेल, रात्रभर थांबून मगच पाना. पावसाआधी आट्यांना मेणाचा थर देतो.

लोअरिंग स्प्रिंगवर मूळचा शॉकअप खाली दबूनच चालतो, बंप स्टॉपवर (शेवटी अडवणारं रबर) आदळतो आणि लवकर जातो. २०-२५ मिलिमीटरवर भागणार असेल आणि पुन्हा हात लावायचा नसेल तर तरीही स्प्रिंग घ्या, गॅरेजमध्ये बसवून. शॉकअप गळत असेल आणि गाडी खाली आणायची हौस नसेल तर कंपनीचेच नवे टाका, बाकी खर्च कशाला?

मागच्या बीमच्या (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा भाग) बुशचे, म्हणजे रबरी सांध्याचे, बोल्ट सैल केले असतील तर गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच टॉर्क रेंचने घट्ट करा, नाहीतर रबर पिळलेलं राहून फाटतं. उंची मोजताना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायरच्या हवेचा फरक येत नाही. अलाइनमेंट त्याच दिवशी करा, आणि काहीशे किलोमीटरने स्प्रिंग बसल्यावर पुन्हा एकदा.