दोन दिवसांचं अष्टविनायक पॅकेज: पैसे कशाचे आणि घोळ कुठे

पुण्यातल्या कुठल्याही ट्रॅव्हल्सवाल्याकडे ‘अष्टविनायक, दोन दिवस, एक रात्र’ असा फलक असतोच. हे परीक्षण एका विशिष्ट कंपनीचं नाही, कारण माल सगळीकडे साधारण एकच असतो: एकतर बसमधली सीट, नाहीतर पूर्ण गाडी. ए.सी., पुशबॅक, मिनरल वॉटर, ‘घरगुती जेवण’ या गोष्टी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतात. पण यात्रा चांगली होते की तोंडचं पाणी पळतं, हे ठरतं तीन गोष्टींवर: गाडी पहाटे किती वाजता पुणं सोडते, मंदिरं कोणत्या क्रमाने घेते आणि रात्री कुठे थांबते. पैसे द्यायचे ते याचे.

आधी क्रम. शास्त्रोक्त यात्रा मोरगावला सुरू होते, तिथून सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि शेवटी पुन्हा मोरगाव. गाडीने हा क्रम पाळायचा म्हणजे सिद्धटेकहून घाट उतरून कोकणात जायचं आणि परत वर यायचं. दोन दिवसांत ते बसत नाही आणि कोणतंही पॅकेज ते करतही नाही. एजंट ‘शास्त्रोक्त क्रमाने’ म्हणाला, तर त्याला क्रम म्हणून दाखवायला सांगा, लगेच कळेल.

पुण्याहून निघणाऱ्यांसाठी सर्वांत सुटसुटीत मांडणी अशी. पहिल्या दिवशी थेऊर (पुण्यापासून सुमारे २५ किलोमीटर), मग यवत-चौफुला-सुपे करत मोरगाव (थेऊरहून साधारण ६०), मग दौंडवरून सिद्धटेक (६५), रांजणगाव (७५) आणि ओझरला मुक्काम (७०). दुसऱ्या दिवशी लेण्याद्री (१५), चाकण-तळेगाव-खोपोलीमार्गे महड (१४५), पाली (४०) आणि परत पुणे (११०). बेरीज ६००च्या आसपास. ‘पहिलं दर्शन मोरगावचंच’ असा घरात आग्रह असेल तर सासवड-जेजुरीमार्गे मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव असं जाता येतं, पण त्यात ३० किलोमीटर वाढतात आणि संध्याकाळ हातची जाते. शिवाय सकाळी दिवे घाट लागतो. आषाढी वारीत माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी हा रस्ता विसरायचा.

स्वतंत्र गाडी पहाटे पाचला निघाली तर सहाच्या आत थेऊर, साडेसातला मोरगाव, तिथेच नाश्ता, दहा-सव्वादहाला सिद्धटेक, दीड-दोनला रांजणगाव आणि उन्हं उतरायच्या आत ओझर, असं साध्या दिवशी निवांत जमतं. बसच्या पॅकेजमध्ये वेळ सुरुवातीलाच जातो. फलकावर पाच लिहिलेलं असतं, पण ‘पिकअप’ तीन-चार ठिकाणी असतात, कोणीतरी रिक्षात अडकलेलं असतं आणि हडपसर सोडेपर्यंत सात वाजतात. हे दोन तास दिवसभर भरून निघत नाहीत. उलट वाढतात, कारण मग मोरगावला गर्दीत सापडता, सिद्धटेकला दुपारच्या नैवेद्याच्या वेळी पोचता आणि रांजणगाव ते ओझर हा आतला रस्ता अंधारात करावा लागतो. म्हणून बसमध्ये सीट घेताना पहिला प्रश्न हाच: शेवटचा पिकअप कुठे आणि किती वाजता? तो हडपसरच्या आसपास आणि सहाच्या आत असेल तरच पुढचं बोलणं.

अंधाराचा मुद्दा उगाच नाही. दौंड-शिरूर पट्टा उसाचा. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, बऱ्याचदा मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांवर असताना पुढची ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. हंगामात हा टप्पा दिवसाउजेडी व्हावा असं वेळापत्रक नसेल तर ते पॅकेज घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो.

आता मुक्काम. ओझर किंवा लेण्याद्री, या दोहोंपैकी एक. काही बसवाले नारायणगावच्या हायवेवरच्या लॉजवर उतरवतात. तेही चालेल, पण ओझरला देवस्थानाचं भक्तनिवास मंदिरालगत असल्याने संध्याकाळची आरती आणि पहाटेचं दर्शन दोन्ही गाडी न हलवता होतात. खोल्या साध्या असतात. पॅकेजमध्ये ‘शेअरिंग’ लिहिलेलं असेल तर एका खोलीत किती जण आणि गरम पाणी किती ते किती, हे विचारून घ्या. गरम पाण्याला वेळ असते आणि पहाटे ४० जणांच्या बसची रांग लागली की लेण्याद्रीला तासभर उशीर ठरलेला. पुण्यातच रात्रीचा मुक्काम दाखवणारं पॅकेज मात्र सरळ नाकारावं. पहिल्या दिवशी चार गणपती करून घरी आणायचं आणि दुसऱ्या दिवशी ओझर-लेण्याद्री-महड-पाली असा फेरा मारायचा, यात दुसरा दिवस इतका लांबतो की पालीला दर्शनापेक्षा घड्याळाकडेच लक्ष जास्त.

लेण्याद्रीबद्दल सविस्तर, कारण बहुतेक तक्रारी इथल्याच. गिरिजात्मजाचं मंदिर बौद्ध लेण्यांपैकी सातव्या गुंफेत आहे. वर जायला ३००च्या आसपास पायऱ्या आहेत, दगडी, उंचीला एकसारख्या नाहीत. लेणी पुरातत्त्व खात्याकडे असल्याने खाली तिकीट घ्यावं लागतं, आणि ते पॅकेजमध्ये जवळजवळ कधीच धरलेलं नसतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते. दर आधी ठरवा, जाऊन-येऊन आहे का तेही विचारा आणि वजनदार माणसाला चार भोई लागतात हे धरून चला. माकडं धीट आहेत. हातातली प्लास्टिकची पिशवी म्हणजे त्यांना आमंत्रणच: नारळ, केळी, पाण्याची बाटली, काहीही ओढतात. फुलं-दूर्वा कापडी पिशवीत, पिशवी खांद्याला आणि तिचं तोंड बांधलेलं. चष्मा दोरीला बांधलेला बरा. बसवाले इथे सव्वा तास देतात. तिशीतल्या माणसाला तो पुरतो. साठीच्या पुढच्यांना चढायलाच अर्धा-पाऊण तास लागतो, वर दर्शनाची रांग वेगळी. दोन तास मिळणार नसतील तर ज्येष्ठांना घेऊन बसच्या वाट्याला जाऊ नका. आणि लेण्याद्री सकाळीच. मार्चनंतर अकरा वाजता त्या पायऱ्या तव्यासारख्या तापतात.

लेण्याद्रीहून महड हा या यात्रेतला सर्वांत कंटाळवाणा पट्टा. चाकण आणि चाकण-तळेगाव रस्ता कारखान्यांच्या पाळी सुटण्याच्या वेळी सापडला तर २० किलोमीटरला तास जातो. सकाळी नऊला लेण्याद्री सोडलं तर एकच्या सुमारास महड गाठता येतं. ड्रायव्हर म्हणाला ‘एक्स्प्रेसवेला वेळ भरून काढू’, तर मान डोलवा आणि सोडून द्या: टॅक्सी परवान्याच्या गाड्यांना ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर असतो आणि एक्स्प्रेसवेवर कॅमेरे आहेत.

महडला वरदविनायक. इथे नंदादीप १८९२पासून तेवतो आहे असं सांगतात. देऊळ लहान, आवार मोकळं, अर्ध्या तासात होतं. पालीला बल्लाळेश्वराआधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायची रीत आहे. गाईड नसलेल्या पॅकेजमध्ये हे कोणी सांगत नाही आणि लोक परत फिरून जातात. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर दिलेली घंटा बघायची राहू देऊ नका. पालीची गल्ली अरुंद असल्यामुळे मोठी बस लांबच थांबते, चालायची तयारी हवी.

नकाशाच्या भरवशावर असलेला नवा ड्रायव्हर असेल तर एक काम आधीच करा. ‘महड’ इंग्रजीत टाकलं की नकाशा चवदार तळ्याच्या महाडला नेतो, जे खोपोलीपासून १०० किलोमीटरच्या आसपास आहे. ओझर नाशिकलाही आहे, पाल्या तर कोकणातच दोन. गावाचं नाव न टाकता देवाचं टाका: वरदविनायक, विघ्नेश्वर, बल्लाळेश्वर.

पूर्ण गाडी घेतलीत तर हिशेब असा असतो. दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, म्हणजे दोन दिवसांचे ६००. फेरा तेवढाच असला तरी मोजणी गाडी गॅरेजमधून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत होते, त्यामुळे ३० ते ५० किलोमीटर वर जातातच. त्यांचा दर आधी विचारा. ड्रायव्हर भत्ता, रात्रीचा भत्ता, टोल आणि पार्किंग वेगळं. निघताना आणि परतल्यावर मीटरच्या आकड्याचा फोटो काढला की वाद मिटतो. नंबरची पाटी पिवळीच, म्हणजे भाड्याच्या परवान्याची हवी. ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. सामानासह चौघांना डिझायर कशीबशी पुरते, सहा जणांना एर्टिगा सांगतात खरं, पण तिसऱ्या ओळीत मोठं माणूस दोन दिवस बसू शकत नाही. सहा मोठ्यांना इनोव्हाच, १२च्या पुढे टेम्पो ट्रॅव्हलर.

जेवण हा बसच्या पॅकेजचा सर्वांत कच्चा भाग. ठरलेल्या हॉटेलवर गाडी थांबते, ड्रायव्हरचं जेवण तिथे फुकट असतं, बाकी समजून घ्या. मोरगावच्या आसपास पोहे-मिसळ बरी मिळते, ओझरला देवस्थानाच्या प्रसादालयाची वेळ सापडली तर दुसरीकडे जाऊ नये.

तारीख निवडताना संकष्टी, अंगारकी, भाद्रपद आणि माघातले चतुर्थीच्या आसपासचे दिवस टाळा. मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक ही चिंचवड देवस्थानची मंदिरं, तिथे अंगभर कपड्यांचं आवाहन आहे. बर्म्युडावर निघालेला भाचा गाडीतच बसून राहील.

मुंबई-ठाण्याकडच्यांनी हेच पॅकेज उलटं मागावं: महड-पालीने सुरुवात आणि शेवट लेण्याद्रीला, तिथून माळशेजने मुरबाड-कल्याणला उतरायचं. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरड येते आणि वीकेंडला धबधब्यांच्या गाड्या, तेव्हा परत पुण्यावरूनच.

एकटे किंवा दोघे असाल, पाय धड असतील, तर बसची सीट स्वस्तात काम करते: पाचपैकी तीन तारे. चार ते सहा जणांच्या घरासाठी पूर्ण गाडी, चार तारे, पहाटे पाचची अट लेखी घेऊन. सत्तरीच्या आई-वडिलांसाठी दोन दिवसांचं कोणतंच पॅकेज नको. त्याच गाडीवाल्याकडे तीन दिवस मागा, पहिला मुक्काम रांजणगाव, दुसरा ओझर. ज्यादा दिवसाचे किमान ३०० किलोमीटर लागतील, पण रिकाम्या किलोमीटरवर घासाघीस होते, आठवड्याच्या मधल्या दिवशी तर हमखास.