गुळाच्या सौद्याची स्क्रीन: स्टेट मशीन, स्टेटचार्ट की पेट्री नेट?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील अडत्यासाठी गुळाच्या सौद्याची नोंद करणारे टॅबलेट ॲप बनवायचे आहे, असे समजू. रवे काट्यावर चढतात, भाव टाइप होतो, नोंद सर्व्हरकडे जाते, शेतकऱ्याची पट्टी छापली जाते. आणि यांतले एकही काम दुसऱ्यासाठी खोळंबत नाही. अशी स्क्रीन कधी कोणत्या अवस्थेत असेल हे आकृतीत मांडायच्या तीन पद्धती पाहू.

साधे फायनाइट स्टेट मशीन एका वेळी एकाच अवस्थेत असते. काट्याच्या तीन (बंद, हलता, स्थिर), भावाच्या चार, नेटच्या तीन आणि प्रिंटरच्या तीन अवस्था धरल्या, तर त्यांची प्रत्येक जुळणी स्वतंत्र अवस्था ठरते आणि आकडा १०८ वर जातो. नुसता चालू-बंद होणारा कॅमेरा जोडला की २१६. कॅमेरा नसतानाही, छापता छापता कागद संपला एवढे दाखवायला एका अवस्थेतून दुसरीत नेणारे ३६ बाण काढावे लागतात. लॉगिन आणि ओटीपीसारख्या एकामागून एक येणाऱ्या पायऱ्यांना मात्र हेच यंत्र शोभते.

डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्टेटचार्टमध्ये समांतर विभाग असतात, म्हणजे काटा, भाव, नेट आणि प्रिंटर यांच्या अवस्था वेगवेगळ्या पण एकाच वेळी चालतात, त्यामुळे वरच्या १०८ ऐवजी १३ अवस्था लिहून भागते. त्याची ताकद मुळात वाढत नाही, कारण निव्वळ अवस्थांचा स्टेटचार्ट उलगडून पुन्हा साधे यंत्र करता येते. वाचतो तो लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा जीव. तरीही एक दुखणे उरते. अडत्याने भाव पाठवला, उत्तर येण्याआधी तो बदलून पुन्हा पाठवला आणि मग पहिल्याचे उत्तर उशिरा आले, तर आकृती कितीही नेटकी असली तरी स्क्रीन जुन्या भावालाच ‘मान्य’ म्हणेल. प्रत्येक विनंतीला क्रमांक देऊन जुने उत्तर टाकून देणे हे काम आपल्यालाच करावे लागते. शिवाय ‘काटा स्थिर असेल तरच भाव पक्का’ अशा अटी वाढल्या की विभाग नावापुरतेच वेगळे राहतात.

कार्ल ॲडम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून आलेले पेट्री नेट टोकन मोजते, म्हणजे आकृतीतल्या प्रत्येक जागी किती ठिपके आहेत याचा हिशोब ठेवते. इंटरनेट नसताना किती पट्ट्या रांगेत साचल्या, हे कमाल मर्यादा न ठरवता मांडणे साध्या यंत्राला जमत नाही, याला जमते. पण स्क्रीनच्या रोजच्या कामासाठी त्याची तयार साधने कमी आहेत.

मी एक्सस्टेटसारखी (स्टेटचार्ट कोडमध्ये लिहायची) तयार लायब्ररी घेऊन चार विभागांचा स्टेटचार्ट करेन आणि पट्ट्यांची रांग साध्या यादीत ठेवेन. दोन गाळ्यांत एकच काटा आणि एकच प्रिंटर वाटून घ्यायचा असेल, तर कोण कोणासाठी अडकून बसेल हे पाहण्यापुरते पेट्री नेट आधी कागदावर काढेन.