एएसी ब्लॉकच्या भिंती, वर्षभर राहून झाल्यावर: भिंत झकास, टांगायचं तेवढं सोडून

परवा किचनमधला डब्यांचा रॅक खाली आला म्हणून हे आत्ता लिहितोय, नाहीतर आळसात राहूनच गेलं असतं. रॅक काही फार जड नव्हता, डबे भरलेले होते एवढंच. चारपैकी दोन स्क्रू गिट्टीसकट (स्क्रू धरायला भोकात बसवतात ती प्लास्टिकची नळी) बाहेर आले आणि भोकाच्या जागी अंगठा आत जाईल एवढा खड्डा. कडेवरून बोट फिरवलं की राखाडी पावडर गळतेय. एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला हलक्या काँक्रीटचा ठोकळा, विटेपेक्षा किती हलका, किती साइजमध्ये येतो, जोडणी किती पटपट होते हे सगळं तुम्ही ब्रोशरमध्ये वाचलंच असेल, ते परत सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते गिट्टीबद्दल.

कारण साधं आहे, फक्त विकताना कोणी सांगत नाही. फ्लाय अ‍ॅश (वीज केंद्रातली राख) किंवा वाळू, सिमेंट, चुना, थोडं जिप्सम आणि चिमूटभर अ‍ॅल्युमिनियम पावडर असा माल पाण्यात कालवतात. अ‍ॅल्युमिनियम चुन्याशी भिडलं की हायड्रोजन सुटतो, सगळा माल फुगतो, मग तारेने कापून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरसारख्या मोठ्या बंद टाकीत, साधारण १८०-२०० डिग्रीच्या वाफेत दाबाखाली कित्येक तास ठेवतात. हायड्रोजन उडून जातो, जागोजागी हवा राहते. म्हणजे ब्लॉकचा निम्म्याहून जास्त भाग ही नुसती हवा. आता साधी गिट्टी धरते कशी, तर स्क्रू आत गेला की ती फुगते आणि भोकाच्या भिंतीला दाबून बसते. इथे दाबायला घट्ट काही नाहीच, दाबलं की ब्लॉक आतून चुरडतो. त्यात इलेक्ट्रिशियन ड्रिल हॅमरवर (फिरता फिरता ठोकेही मारतं त्या सेटिंगवर) टाकून घुसवतात, भोक हवं त्यापेक्षा मोठं होतं, गिट्टी स्क्रूबरोबर गरागरा फिरते, आणि तो म्हणतो "बसली साहेब". कसली बसली!

तक्रार केली तर ब्लॉकवाला म्हणतो इलेक्ट्रिशियनला ड्रिल मारता येत नाही, इलेक्ट्रिशियन म्हणतो ब्लॉकच पोचट आहे, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तुम्हीच ब्लॉक हवा म्हणालात. सगळे आपापल्या जागी थोडे बरोबर, रॅक मात्र माझा पडला.

उपाय आहेत, आणि ते मला रॅक पडल्यावर कळले. हॅमर बंद करून नुसतं फिरतं ड्रिल, भोक गिट्टीच्या मापापेक्षा किंचित लहानच, आणि एएसीसाठी वेगळी लांब, आट्यांची नायलॉन गिट्टी मिळते ती. त्याहून जड असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोक ब्रशने आणि फुंकर मारून साफ करायचं, त्यात रेझिन भरायचं आणि रॉड बसवायचा. गीझरसारख्या वजनाला सरळ आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी. हे सगळं चालतं, पण खर्च कोणाचा? ब्लॉक घेताना सिमेंट वाचेल, प्लास्टर पातळ लागेल, स्टील कमी लागेल असं सगळं गणित मांडून दाखवतात. त्या गणितात एक खास गिट्टी म्हणजे साध्या गिट्ट्यांचं अख्खं पाकीट, ही ओळ का नसते? आमच्या गीझरच्या पट्टीचे नट पलीकडे हॉलमध्ये दिसतात, त्यावर फोटो लावा असा सल्ला मिळालाय.

आता दुसरी बाजू. हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत लिहिलं असतं तर उष्णतेबद्दल मी "काही फरक नाही, पैसे वाया" असंच लिहिलं असतं, कारण तेव्हा थंडी होती. उन्हाळा लागल्यावर मत बदललं. पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी आतून हात लावला तर ती जवळपास खोलीइतकीच गरम असते. जुन्या घरात तीच भिंत रात्री जेवण होईपर्यंत शेकोटीसारखी धग सोडायची. यात जादू काही नाही, अडकलेल्या हवेतून उष्णता हळू जाते. जी हवा गिट्टी धरू देत नाही तीच ऊन अडवते, त्यामुळे एक हवं आणि दुसरं नको असं म्हणता येत नाही, हेही मान्य. पण वरच्या मजल्यावर राहत असाल तर भिंतीवर खूश होऊ नका, स्लॅब तापतो तो तापतोच. वर पांढरा उष्णतारोधक रंग दिल्यावर खरा आराम पडला.

आवाजाबद्दल मात्र विक्रेते सरळ थापा मारतात. आवाज अडवायला वजन लागतं आणि हा माल हलका. चार इंची पार्टिशनमधून शेजारच्या खोलीतला टीव्ही व्यवस्थित ऐकू येतो, मालिका कुठली तेही कळतं.

कॉलमच्या कडेने केसासारखे तडे आले. ब्लॉक ओले असताना बांधले की सुकताना आकसतात, आणि काँक्रीटला जोडतात तिथे प्लास्टरखाली चिकन मेश (बारीक तारेची जाळी) नसेल तर तडा जाणारच. आमच्याकडे जिथे मेश मारली तिथे काही नाही, जिथे "लागत नाही हो" म्हणून सोडली तिथे रेघ. एवढंच.

आणि ते ब्रोशरवरचं हिरवं पान. विटेसाठी शेतातली वरची माती जाते, भट्टीत ती ९००-१००० डिग्रीला भाजावी लागते, त्यामानाने ब्लॉक बराच बरा, शिवाय वीज केंद्रांची राख खपते. पण यात सिमेंट आहे, चुना आहे, आणि दोन्ही बनवताना चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघतोच, त्याला पर्याय नाही. आणि याला नवा शोध म्हणून विकतात याचं हसू येतं, स्वीडनच्या योहान अ‍ॅक्सेल एरिक्सन यांनी १९२४ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. शंभर वर्षं हातात असूनही ब्लॉकच्या पॅकिंगवर कुठली गिट्टी वापरायची ते छापायला कोणाला सुचत नाही.

वरचा मजला बांधायचाय आणि तिथेही ब्लॉकच वापरणार, पश्चिमेच्या त्या भिंतीसाठी तरी. फक्त किचनची टांगायची भिंत आणि गीझरची जागा भरीव काँक्रीट ब्लॉकची करायला सांगितलीय. गवंडी म्हणाला दोन प्रकारचा माल जोडला की जॉइंटला तडा जाईल, मेश लावावी लागेल. लाव म्हटलं.