८×४२ दुर्बीण, केनियातला वापर आणि तो उजवा आयकप

स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही. रूफ प्रिझम, नायट्रोजन भरलेली, वॉटरप्रूफ. या किमतीच्या सगळ्याच दुर्बिणींच्या खोक्यावर हेच छापलेलं असतं. १६ हजारांच्या आत बसली म्हणून पुण्यात असताना मागवली, नोकरीसाठी नैरोबीला आलो तेव्हा हँडबॅगेतून आणली, आणि तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ती गळ्यातच असते. काच उत्तम. रंग खरे. संध्याकाळच्या उजेडातही चित्र स्वच्छ. उजव्या डोळ्याचा आयकप, म्हणजे डोळा टेकवायचं फिरवून वर-खाली होणारं कडं, मात्र भिकार आहे. काल सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं, ‘बाह्य आघातामुळे झालेलं नुकसान, वॉरंटीत बसत नाही.’ त्यामुळे हा रिव्ह्यू त्या आयकपवरच जास्त खर्ची पडणार आहे.

मला चष्मा नाही. म्हणजे दोन्ही आयकप फिरवून पूर्ण वर काढायचे, तर डोळा काचेपासून हव्या त्या अंतरावर राहतो. उजवा काही महिन्यांतच सैल पडला. डोळ्याला टेकवला की गपकन खाली बसतो आणि चित्राच्या कडेने काळी सावली नाचायला लागते. डावा अजून घट्ट आहे, म्हणजे बनवता येत नाही असं नाही.

मोठ्या जनावरांपुरतं बोलायचं तर यानं फारसं बिघडत नाही. नैरोबी नॅशनल पार्क शहराला चिकटून आहे, १९४६ सालचं, जेमतेम ११७ चौरस किलोमीटरचं. मागे ऑफिसांच्या इमारती, मधून उंच खांबांवरून नैवाशाकडे जाणारी रेल्वे, आणि पुढे सिंह, जिराफ, रानटी म्हशी, शहामृग. हत्ती तेवढे नाहीत. शेजारच्या हत्तींच्या अनाथालयातली पिल्लं पाहून लोक ‘पार्कात हत्ती पाहिले’ म्हणतात. गेंडा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. काळा की पांढरा हे त्वचेवरून कळत नाही, दोन्ही चिखलाच्याच रंगाचे. ओठ बघावा लागतो: झुडपं खाणाऱ्या काळ्याचा टोकदार, गवत खाणाऱ्या पांढऱ्याचा चौकोनी रुंद. एवढ्यासाठी एका डोळ्याची दुर्बीणही पुरते.

मसाई मारातही तेच. जुलै ते ऑक्टोबरच्या दिवसांत विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात तेव्हा दुर्बिणीपेक्षा पुढच्या व्हॅनमधले लोक खाली बसण्याची जास्त गरज असते. ‘बिग फाइव्ह झाले का?’ हा आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा पहिला प्रश्न. ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी गाठून मारायला सर्वांत धोक्याचे म्हणून सिंह, बिबट्या, हत्ती, म्हैस आणि गेंडा. जिराफ आणि चित्ता त्यात नाहीत, तरी लोक पाचाची हजेरी लागली की लॉजवर परतायला निघतात.

दुर्बिणीचे पैसे वसूल होतात ते पक्ष्यांवर, आणि आयकप दगा देतो तोही नेमका तिथेच. लायलॅक-ब्रेस्टेड रोलर, म्हणजे आपल्या नीलकंठाचा भाऊबंद, बाभळीच्या उघड्या फांदीवर निवांत बसतो. तो मोबाइलवरही येतो. मॅराबू करकोचे तर नैरोबीत भर रस्त्याकडेच्या झाडांवर घरटी करतात, खाली गाडी लावणाऱ्याला ते दुर्बिणीशिवाय कळतं. पण अमूर ससाणा घ्या. नागालँडमधून निघून, भारतावरून आणि पुढे अरबी समुद्रावरून उडत हे छोटे ससाणे नोव्हेंबर-डिसेंबरात पूर्व आफ्रिकेत येतात आणि आणखी दक्षिणेला जातात. नर ओळखायचा तर उडताना पंखाखालचा पांढरा भाग दिसायला हवा. मान वर, दुर्बीण उभी, चेहऱ्याचा सगळा दाब आयकपवर, आणि आयकप खाली. तो पांढरा भाग मला ड्रायव्हरच्या जुन्या, घासलेल्या दुर्बिणीतून दिसला.

सगळ्यात जास्त चिडलो मारात, गिधाडांपाशी. एक झेब्रा पडलेला, तरस खाऊन गेलेले, आणि त्यावर एवढी गिधाडं की जनावर दिसेना. महाराष्ट्रात गुरांना देण्याच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं, मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत गेली ती आमच्या पिढीनं पाहिली आहेत; जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. त्यामुळे हे दृश्य मी सिंहापेक्षा जास्त वेळ पाहिलं. बहुतेक व्हाइट-बॅक्ड जातीची. मग सोसायटीच्या मीटिंगला उशिरा येणाऱ्या चेअरमनसारखं एक लॅपेट-फेस्ड गिधाड आलं आणि बाकीच्यांनी जागा करून दिली. त्याची चोच सगळ्यांत दणकट, जाड कातडं तेच फाडतं. या गर्दीत रपेल्स जातीची गिधाडंही होती. ती ओळखायची खूण म्हणजे पिसांच्या फिक्या कडांमुळे खवल्यांसारखं दिसणारं अंग आणि फिकी चोच. व्हाइट-बॅक्डची चोच काळपट. १९७३ साली आयव्हरी कोस्टवर ३७ हजार फुटांवर विमानाला धडकलं होतं ते गिधाड रपेल्सच. मला फक्त चोचींचे रंग नीट बघायचे होते. पाच सेकंद स्थिर चित्र मिळेना. शेवटी उजवा डोळा मिटून पाहिलं. दोन डोळ्यांचे पैसे भरून.

ड्रायव्हरनं सांगितलं की इथे गिधाडं औषधानं नाही, विषानं मरतात. सिंहानं किंवा तरसानं गाय मारली की चिडलेला गुराखी त्याच मढ्यात कीटकनाशक टाकतो. सिंह मरतो की नाही देव जाणे, पण मागून उतरलेला गिधाडांचा अख्खा थवा जातो.

सर्व्हिसचा इतिहास थोडक्यात. आधी फोटो मागितले, ते दिले. मग व्हिडिओ मागितला. मग मूळ खोकं आहे का विचारलं. मग कळलं की वॉरंटी फक्त भारतात, दुर्बीण स्वखर्चानं पाठवा. कुरिअरचा दर विचारला आणि त्यात निम्मी नवी दुर्बीण येईल असा हिशेब निघाला. सुट्टीवर निघालेल्या एका सहकाऱ्याच्या सामानातून पाठवली, तर न उघडता परत: आयकप हा ‘झिजणारा भाग’ आहे म्हणे, आणि सुटा विकत मिळत नाही. झिजणारा भाग सुटा का विकत नाही याला उत्तर नाही. काल ‘बाह्य आघात’ आला. झिजला की आपटला, एवढं तरी आपसात ठरवा.

मधल्या काळात काम केलं ते नैरोबीतल्या किरिन्यागा रोडनं. गाड्यांच्या सुट्या भागांची तिथे रांगच आहे. एका फुंडीनं, म्हणजे कारागिरानं, आयकप वर ओढून खालच्या फटीत गाडीची रबरी ओ-रिंग बसवली. ५० शिलिंग. पावती नाही, वॉरंटी नाही, आणि आयकप जागेवर. त्या आठवड्यात मी दुर्बिणीला मनातल्या मनात चार तारे देऊन टाकले होते.

मग अंबोसेली नॅशनल पार्क. तिथली धूळ मैद्याहून बारीक. हत्ती चालले की त्यांच्या पायाशी ढग उठतो, आणि तोच ढग रिंगेच्या ग्रीसवर चिकटतो. आयकप आता खाली पडेना, पण फिरेनाही, आणि फोकसचं चाक करकरायला लागलं. जागा मात्र अशी की तक्रार विसरावी. ५,८९५ मीटरचा किलिमांजारो सीमेपलीकडे टांझानियात, पण त्याचं पाणी जमिनीखालून झिरपत येऊन इथे दलदली भरतात. त्यात पोटापर्यंत बुडालेले हत्ती, पाठीवर गायबगळे, कडेला सोनेरी तुऱ्याचे क्राउन्ड क्रेन. धूळ बसायच्या आत सकाळी लवकर जावं, डोंगरही तेव्हाच उघडा असतो.

नाकुरू तळ्याबद्दल एवढंच, की जुन्या फोटोतला गुलाबी काठ शोधायला जाऊ नका. तळ्याची पातळी वाढली, खारेपणा उतरला, लेसर फ्लेमिंगो ज्यावर जगतात ते शेवाळ घटलं आणि बरेच पक्षी बोगोरिया तळ्याकडे गेले. पांढरे गेंडे आणि रॉथ्सचाइल्ड जिराफ यांच्यासाठी जरूर जा. फक्त लेसर फ्लेमिंगोच बघायचा असेल तर मुंबईकरानं विमानाचं तिकीट काढण्याआधी हिवाळ्यात ऐरोलीची बोट पकडावी.

इथवर मसुदा लिहून झाला होता आणि खाली दोन तारे टाकले होते. मग सुट्टीत बायको आली आणि आम्ही उत्तरेकडच्या सांबुरू अभयारण्यात गेलो. तिला चष्मा आहे. तिनं दुर्बीण घेतली, ओ-रिंग काढून दोन्ही आयकप पूर्ण खाली बसवले (चष्मेवाल्यांनी तसंच वापरायचं असतं) आणि परत द्यायचं नावच काढलं नाही. मागच्या दोन पायांवर उभं राहून झुडपाचा शेंडा खाणारं गेरेनुक हे लांब मानेचं हरीण, बारीक पट्ट्यांचा आणि पांढऱ्या पोटाचा ग्रेव्हीज झेब्रा, जाळीदार जिराफ, निळसर मानेचा सोमाली शहामृग, हे दक्षिणेकडे मारात न मिळणारं सगळं तिनं आधी पाहिलं आणि मला बोटानं दाखवलं. गळ्याशी गर्द निळ्या पिसांच्या व्हल्चराइन गिनीफाउलचा थवा रस्ता ओलांडत होता तेव्हा मी दुर्बीण मागितली. ‘थांबा हो, मोजतेय,’ म्हणाली. वर विचारलं, ‘यात वाईट काय आहे?’

तिच्या डोळ्यांना खरंच काही वाईट नाही. काच तीच, आणि काच चांगलीच आहे. ८ पट मोठं दाखवणाऱ्या या दुर्बिणीऐवजी १० पटीची घ्यायला हवी होती असं मारात वाटायचं, तेही सांबुरूत मागे घेतलं: मागच्या सीटवर कोणी पाय हलवला तरी व्हॅन हलते, आणि १० पटीत झेब्र्याचे पट्टे आणखी नाचले असते.

तेव्हा तारे असे. चष्मा असेल तर चार, डोळे झाकून घ्या. चष्मा नसेल तर दोन, आणि तरी घ्यायचीच असेल तर ऑनलाइन मागवू नका. दुकानात जा, आयकप पूर्ण वर काढा, अंगठ्यानं दहा-बारा वेळा जोरात दाबा, उजवा आधी. दुकानदार रागावला तर दुसरं दुकान बघा. आमची दुर्बीण आता बायकोच्या नावावर झाली आहे आणि मी इथल्या एका परतणाऱ्या कुटुंबाकडे त्यांची जुनी ८×४२ बघायला शनिवारी चाललोय. आयकप साध्या रबराचे, दुमडायचे आहेत, असं फोनवर विचारून घेतलंय.